राज्य राजाचं, नाणं गावाचं

1. एका नाण्यावरची तीन नावं

जुनी ग्रीक नाणी पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक शंका हटकून येते. मुलखावर राजा राज्य करतोय, त्याची फौज आहे, तो कर वसूल करतोय. मग नाण्यावर गावाचं नाव कसं? राजाने ते चालू कसं दिलं? आणि गाव स्वतःच्या नावाने नाणी पाडत असेल, तर ते राजाच्या ताब्यात होतं असं म्हणायचं कशाच्या आधारावर?

शंका रास्त आहे. चलन म्हणजे सार्वभौम सत्तेची खूण, हे समीकरण आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. पण हे समीकरण तसं अलीकडचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक जगात ते लावायला गेलो, की प्रत्येक नाणं आपल्याला फसवतं. म्हणून आधी एक नाणं नीट पाहू आणि मग एकेक गाठ सोडवू.

हे नाणं ब्राँझचं आहे, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचं. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर असलेल्या टायर या बंदरात ते इ.स.पू. 169 च्या सुमारास पाडलं गेलं. दर्शनी बाजूला राजा चौथा अँटिओकस याचा चेहरा. केसांभोवती एक साधी फीत बांधलेली आहे. ही फीत त्या काळी राजपदाची खूण होती, सोन्याच्या मुकुटापेक्षा तिचा मान मोठा. डोक्यातून सूर्याचे असावेत तसे किरण बाहेर पडताहेत. नाणं उलटं केलं, की जहाजाचा मागचा, वर वळलेला भाग दिसतो. त्याच्या आजूबाजूला ग्रीक अक्षरांत ‘राजा अँटिओकसचं’ आणि ‘टायरकरांचं’ असं कोरलेलं आहे. शिवाय तिसरा एक मजकूर आहे, तो ग्रीक नाही. स्थानिक फिनिशियन लिपीत आणि भाषेत तो सांगतो, की हे नाणं टायरचं आहे, सिडोनकरांच्या आईचं.

सिडोन हे टायरच्या उत्तरेला, दिवसभराच्या वाटेवरचं दुसरं बंदर. म्हणजे बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या धातूवर राजा आहे, गाव आहे आणि गावाचं शेजाऱ्याशी असलेलं जुनं भांडणही आहे. राजाला यात काही वावगं वाटलं नाही. का वाटलं नाही, ते समजलं की या प्रकरणातला निम्मा विषय समजला.

2. हे राजे कोण आणि ही गावं कुठली

सिकंदर इ.स.पू. 323 मध्ये बॅबिलोनला वारला, तेव्हा त्याला कर्तासवरता वारस नव्हता. सरदारांमध्ये जुंपली आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत साम्राज्याचे तुकडे पडले. इजिप्त टॉलेमीकडे गेलं. सीरियापासून इराणच्या पलीकडे पसरलेला प्रचंड मुलूख सेल्युकसकडे आला. चंद्रगुप्त मौर्याकडून 500 हत्ती घेऊन सिंधू खोऱ्याकडचे प्रांत सोडून देणारा सेल्युकस तो हाच. पुढे आशिया मायनरच्या पश्चिम भागात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, पर्गामोन शहराच्या आधाराने अ‍ॅटॅलिड घराण्याचं राज्य उभं राहिलं. सिकंदरापासून क्लिओपात्रापर्यंतच्या, म्हणजे इ.स.पू. 30 पर्यंतच्या, या कालखंडाला इतिहासकार हेलेनिस्टिक काळ म्हणतात.

या राज्यांच्या पोटात शेकडो शहरं होती. ग्रीक ज्याला ‘पोलिस’ म्हणत, ते नुसतं घरांचं गाव नव्हतं. त्याची नागरिकांची सभा असे, कौन्सिल असे, दरवर्षी निवडलेले अधिकारी असत, स्वतःचे कायदे, देव आणि सणवार असत. काही शहरं राजाच्या घराण्यापेक्षा पाचशे वर्षांनी जुनी होती. राजा बदलला तरी शहर जागच्या जागी राही.

राजाकडे गावोगाव पाठवायला कारकुनांची फौज नव्हती. कर गोळा करणं, रस्ते राखणं, फौजेला धान्य पुरवणं ही कामं शहरांमार्फतच होत. म्हणून राजा शहरांना हुकूम सोडण्याऐवजी पत्रं लिही. त्यात शहराच्या निष्ठेचं कौतुक असे, देवळाला देणगी असे, एखादा कर माफ केलेला असे. शहर उत्तरादाखल राजाचा पुतळा उभारी, त्याच्या नावाने उत्सव ठरवी. आत खरी ताकद कुणाची, हे दोघांनाही माहीत होतं, पण भाषा मैत्रीची वापरली जाई. शहराचं नाणं हा या देवघेवीचाच एक भाग होता.

3. चांदीचा हिशेब वेगळा, ब्राँझचा वेगळा

पुढे जाण्याआधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. त्यावाचून बाकी सगळं धूसर राहील.

अथेन्सच्या मापाप्रमाणे एका ड्राख्माचं वजन सुमारे 4.3 ग्रॅम. चार ड्राख्मांचं मोठं नाणं 17 ग्रॅमच्या आसपास. सिकंदराने हेच माप उचललं आणि ते इजिप्तपासून इराणपर्यंत ओळखीचं झालं. या नाण्याची किंमत त्यातल्या चांदीत असे. सराफ ते हातात घेई, वजन करी, कस पाही. वर कुणाचाही चेहरा असला, तरी चांदी ती चांदीच. म्हणून चांदीचं नाणं लांब प्रवास करी: फौजेचा पगार, समुद्रापारचा व्यापार, राजाराजांमधली खंडणी.

ब्राँझचं तसं नाही. ते सुट्या पैशांसाठी. एका ड्राख्माचे सहा ओबोल. ओबोलचं चांदीचं नाणं जेमतेम पाऊण ग्रॅमचं, बोटांतून निसटेल असं. त्याहूनही लहान रकमेची भाजी, मासे, दिव्याचं तेल घ्यायचं तर चांदीचं नाणं पाडणार तरी केवढं? तिथे ब्राँझ आलं. त्यातल्या धातूची किंमत नाण्याच्या दर्शनी किमतीहून कमी असे. ते चाले ते गावाने ‘चालेल’ म्हटल्यामुळे, आणि गावाच्या वेशीपर्यंतच.

आता एक छोटा हिशेब करू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, गावाने 10 ड्राख्मांचा धातू घेतला, कोरक्या आणि लोहारांच्या मजुरीवर 5 ड्राख्मा खर्च केले आणि बाजारात 40 ड्राख्मांना चालतील एवढी ब्राँझची नाणी पाडली. खर्च 15, हाती 40. उरलेले 25 ड्राख्मा गावाच्या तिजोरीत जमा. कर न वाढवता, कुणाच्या दारात न जाता ही कमाई झाली.

शिवाय अदलाबदलीचा बट्टा असे तो वेगळा. या बट्ट्याचे खरे आकडे पर्गामोनच्या एका शिलालेखात आहेत. तो बराच पुढचा, रोमन अमलातला, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला आहे, पण पद्धत जुनीच. चांदीचा एक दिनार मोडायला आणला, की पेढीवाला ब्राँझची 17 नाणी देई. तोच दिनार त्याच्याकडून घ्यायचा, तर 18 मोजावी लागत. एका दिनारामागे एक नाणं. दिवसभरात शेकड्यांनी दिनार फिरणाऱ्या शहरात हे उत्पन्न किती होत असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल. आणि असा व्यवहार करण्याचा मक्ता शहराच्या हातात होता.

4. मेलेल्या राजाच्या नावाने

चांदीच्या बाबतीत शहरांनी वेगळाच मार्ग धरला. सिकंदराच्या चार ड्राख्मांच्या नाण्यावर पुढे सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला हेराक्लीस आणि मागे सिंहासनावर बसलेला, हातावर गरुड घेतलेला झ्यूस असे. सिकंदर गेल्यावरही हे नाणं थांबलं नाही. रोड्स, मिलेटस, खिऑस अशी नामांकित शहरं इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत तेच हेराक्लीस, तोच झ्यूस आणि ‘अलेक्झांडरचं’ हीच अक्षरं घेऊन नाणी पाडत राहिली. शहराची ओळख फक्त झ्यूसच्या पायाशी किंवा समोरच्या मोकळ्या जागेत: रोड्सचं गुलाबाचं फूल, मिलेटसचा सिंह, खिऑसची स्फिंक्स. काळ्या समुद्राच्या काठावर, आजच्या बल्गेरियातल्या ओडेसॉस आणि मेसेंब्रिया या शहरांनी तर इ.स.पू. पहिल्या शतकापर्यंत, म्हणजे सिकंदराच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षं, हा छाप चालू ठेवला.

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. पेशवाईत पुण्याच्या अंकुशी रुपयावर फारसी अक्षरांत दिल्लीच्या बादशहाचंच नाव असे, आणि आपली खूण म्हणून अंकुश. राज्य पेशव्यांचं, पण सावकाराचा विश्वास बादशाही नावाच्या रुपयावर. ग्रीक शहरांनी केलं ते हेच. भाडोत्री सैनिक असो की धान्याचा व्यापारी, त्याला ओळखीचं नाणं हवं होतं. तिथे गावाच्या अभिमानापेक्षा बाजारातल्या पतीला अधिक मोल होतं. स्वतःच्या देवाचं चित्र काढण्याची कुणी बंदी केली होती असं नाही. शहरांनीच हिशेब करून सिकंदर निवडला.

5. सेस्टोस गावाने लिहून ठेवलेलं कारण

नाणी आपल्याला चेहरे देतात, हेतू देत नाहीत. गावाने नाणं का पाडलं, हे गावाच्याच तोंडून ऐकायला मिळणं फार दुर्मिळ. म्हणून सेस्टोसचा शिलालेख मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा पुरावा वाटतो.

सेस्टोस हे डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीवरचं, युरोपच्या बाजूचं लहान शहर. ते अ‍ॅटॅलिड राजांच्या अमलाखाली होतं. इ.स.पू. 133 मध्ये ते घराणं संपलं आणि आसपासच्या मुलखात बेबंदशाही माजली. त्या धामधुमीच्या काळात मेनास नावाच्या एका नागरिकाने गावासाठी खूप खस्ता खाल्ल्या. तो राजदूत म्हणून गेला, व्यायामशाळेचा प्रमुख झाला, पदरचे पैसे खर्चून तरुणांसाठी स्पर्धा भरवल्या. गावाने त्याचा सत्कार करणारा लांबलचक ठराव दगडावर कोरून घेतला. त्या ठरावात मध्येच एक मुद्दा येतो: गावाने स्वतःचं ब्राँझचं नाणं वापरायचं ठरवलं, तेव्हा देखरेखीसाठी मेनासची आणि त्याच्या एका सहकाऱ्याची नेमणूक झाली आणि त्याने ते काम सचोटीने पार पाडलं.

नाणं कशासाठी, तेही ठरावात स्पष्ट सांगितलं आहे. कारणं दोन: एक, गावाचा छाप चलनात राहावा. दोन, त्यातून होणारा नफा गावाला मिळावा.

ही दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचतो. अभ्यासकांनी शहरांच्या नाण्यांवर ग्रंथ लिहिले, स्वातंत्र्य आणि गुलामगिरी यांच्या कसोट्या लावल्या. सेस्टोसच्या सभेत बसलेल्या माणसांनी मात्र दोन गोष्टी एका दमात सांगून टाकल्या, आपलं नाव आणि आपला फायदा. एक उदात्त आणि दुसरी हलकी, असं त्यांना वाटलं नाही. देखरेखीला सचोटीचा माणूस हवा, हेही त्यांनी आवर्जून नोंदवलं. ते साहजिकच आहे. ज्या नाण्याची किंमत धातूत नसून गावाच्या शब्दात आहे, ते पाडणाऱ्याच्या हातात गावाची अब्रू असते.

6. आई कोण, यावरचं भांडण

आता पुन्हा टायरकडे जाऊ.

चौथा अँटिओकस हा सेल्युकसच्या वंशातला. त्याचा बाप, तिसरा अँटिओकस, रोमकडून हरला. इ.स.पू. 188 च्या अपामेआच्या तहात त्याला 12,000 टॅलेंट चांदी बारा वर्षांत रोमला देणं कबूल करावं लागलं. एक टॅलेंट म्हणजे सुमारे 26 किलो. म्हणजे ही चांदी 300 टनांच्या वर जाते. तहाची हमी म्हणून धाकटा मुलगा रोममध्ये ओलीस राहिला. तोच पुढे इ.स.पू. 175 मध्ये गादीवर आला. रोम आणि नंतर अथेन्स इथे राहिलेल्या या राजाला शहरी जीवनाची मनापासून आवड होती. अथेन्समधलं ऑलिंपियन झ्यूसचं शतकांपासून रखडलेलं देऊळ पुन्हा बांधायला घेणारा राजा तोच.

इ.स.पू. 169–168 च्या सुमारास, इजिप्तवरच्या त्याच्या स्वाऱ्या चालू असताना, त्याच्या राज्यातली 19 शहरं एकदम स्वतःच्या नावाने ब्राँझची नाणी पाडू लागली. दक्षिण तुर्कस्तानातली शहरं यात आहेत, सीरियातली अँटिओक, अपामेआ आणि लाओडिसिया आहेत, फिनिशियाच्या किनाऱ्यावरची बंदरं आहेत, आणि युफ्रेटिसपलीकडची एडेसा आणि निसिबिसही. सगळ्यांच्या पुढच्या बाजूला राजाचा चेहरा. मागच्या बाजूला मात्र ज्याचं त्याचं चित्र. काही फिनिशियन बंदरांनी गावाच्या जोडीला राजाचं नावही लिहिलं. बाकीच्या बऱ्याच शहरांनी केवळ स्वतःचं.

एकोणीस ठिकाणी एकाच वेळी, एकाच आराखड्यावर हे घडलं, म्हणजे राजाच्या दरबारातून याला होकार होता यात शंका नाही. पण मागची बाजू दरबाराने ठरवलेली नाही, हेही तितकंच उघड आहे. बिब्लॉसने सहा पंखांचा आपला प्राचीन देव काढला आणि फिनिशियन अक्षरांत स्वतःला ‘पवित्र’ म्हणवलं. ग्रीक मूर्तिकलेत सहा पंखांच्या देवाला जागा नाही. बैरुतचं तेव्हाचं नावही लाओडिसियाच. त्याने स्वतःला कनानमधली आई म्हटलं. आणि टायरने सिडोनला लेक ठरवलं.

सिडोनचं उत्तर याच राजाच्या चेहऱ्यामागे कोरलेलं आहे. ग्रीकमध्ये फक्त ‘सिडोनकरांचं’. फिनिशियनमध्ये मात्र एक यादीच: सिडोनकरांचं हे शहर कांबे, हिप्पो, किटिऑन आणि टायर यांची आई. किटिऑन सायप्रसमधलं, हिप्पो आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचं. कांबे हे कार्थेजचं जुनं नाव समजलं जातं. कार्थेज टायरच्या लोकांनी वसवलं, हे तर सगळ्या भूमध्य समुद्राला ठाऊक होतं. सिडोनने टायरच्या कीर्तिमान लेकी आपल्या नावावर लावल्या आणि शेवटी टायरलाही त्याच यादीत बसवलं. सिडोनची बाजू अगदीच लंगडी नव्हती. होमरच्या काव्यात फिनिशियन लोकांना सिडोनचे म्हटलं जातं. भूगोलकार स्ट्रेबो पुढे दीड-दोनशे वर्षांनी लिहितो, तेव्हाही या दोघांत मातृनगरी कोण हा वाद मिटलेला नव्हता.

हे भांडण घरच्या भाषेत आहे, याकडे लक्ष द्या. राजाला आणि परक्याला वाचता येईल अशा ग्रीकमध्ये दोन्ही शहरं सभ्य आहेत. शेजाऱ्याला झोंबेल ते शेजाऱ्याला कळेल अशा अक्षरांत. आणि यातला एकही शब्द राजाविरुद्ध नाही. उलट दोन्ही शहरं त्याच्याच राज्यात वरचा मान कुणाचा, यासाठी झटताहेत, आणि झटताना त्याचा चेहरा पुढे ठेवताहेत. राजाला याहून अधिक काय हवं? बाजारात सुटे पैसे आले, त्याचा खर्च शहरांनी उचलला, त्याची मुद्रा मासळीबाजारापर्यंत पोचली, आणि शहरांची ईर्ष्या बंडाकडे न वळता एकमेकांकडे वळली. शहरांना नाव मिळालं, नफा मिळाला. मला हा सौदा दोन्ही बाजूंनी शहाणपणाचा वाटतो.

काही शहरांनी तर नवं नावच घेतलं. टॉलेमाइस या बंदराच्या नाण्यांवर ‘टॉलेमाइसमधले अँटिओककर’ असं लिहिलेलं आढळतं, म्हणजे राजाच्या नावाने ओळखलं जाणारं नागरिकत्व. अशा मानासाठी पैसे मोजायची तयारी असे. जेरुसलेममध्ये जेसन नावाच्या माणसाने मुख्य धर्मगुरूचं पद मिळवताना राजाला 360 टॅलेंट आणि वर आणखी 80 देऊ केले. व्यायामशाळा उभारायची आणि लोकांची ‘अँटिओककर’ म्हणून नोंद करायची परवानगी मिळावी यासाठी आणखी 150 टॅलेंट कबूल केले.

राजाची पकड सुटली, तेव्हा टायरने पुढचं पाऊल टाकलं. इ.स.पू. 126–125 मध्ये स्वायत्तता मिळताच त्याने स्वतःचा शक सुरू केला आणि चांदीचं नाणं पाडलं. राजाच्या चेहऱ्याच्या जागी टायरचा देव मेलकार्ट आला. मागे गरुड आणि ‘पवित्र व अभय टायरचं’ ही अक्षरं. सुमारे 14 ग्रॅमचं हे नाणं त्यातल्या चांदीच्या कसामुळे इतकं विश्वासाचं ठरलं, की जेरुसलेमच्या मंदिराचा वार्षिक करही त्यातच घेतला जाई. परक्या देवाचं चित्र असूनही.

7. स्वतःचं नाव काढून टाकणारा राजा

अँटिओकसने गावांच्या नाण्यावर आपला चेहरा ठेवला. पर्गामोनच्या दुसऱ्या युमेनीसच्या घराण्याने उलटी चाल केली. आपल्या राज्यातल्या चांदीवरून आपलं नाव आणि चेहरा दोन्ही काढून टाकले.

इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झालेल्या या नाण्याला सिस्टोफोरस म्हणतात. पुढे डायोनिससच्या पूजेतली वेताची पेटारी, तिच्या अर्धवट उघडलेल्या झाकणातून बाहेर येणारा साप, भोवती आयव्हीच्या वेलीची माळ. मागे धनुष्याचा भाता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वेटोळी घातलेले दोन साप. राजाचा पत्ता नाही. बाजूला बारीक अक्षरांत शहराच्या नावाची सुरुवात: एफेसस, पर्गामोन, ट्रालीस, सार्डिस, अपामेआ (सीरियातलं नव्हे, तह झाला ते).

पाहणाऱ्याला वाटेल, ही शहरांची नाणी. पण सगळीकडे चित्र तेच, वजन तेच. एवढी शिस्त राजाच्या हाताशिवाय येत नाही. खरी गोम वजनात आहे. हे नाणं चार ड्राख्मांचं, पण वजन 12.6 ग्रॅम. बाहेरच्या जगातलं चार ड्राख्मांचं नाणं तोवर 16.8 ग्रॅमपर्यंत आलं होतं. फरक 4.2 ग्रॅम.

समजा, एक व्यापारी बाहेरची 100 नाणी घेऊन एफेससच्या बंदरात उतरला. राज्यात सिस्टोफोरसच चालेल असा नियम आहे आणि अदलाबदल एकास एक. त्याने 1,680 ग्रॅम चांदी दिली, हाती आली 1,260 ग्रॅम. उरलेल्या 420 ग्रॅममधून टांकसाळ आणखी 33 नाणी पाडू शकते. व्यापाऱ्याला ती राज्यातच खर्च करावी लागतात. बाहेर नेली तर चांदीच्या भावाने मोडावी लागतात. म्हणूनच सिस्टोफोरसचे हंडे अ‍ॅटॅलिड राज्याबाहेर क्वचितच सापडतात.

शहरांचं नाव पुढे केल्याने हा कडू डोस गोड झाला, असं माझं मत आहे. इ.स.पू. 188 च्या तहात यातली बरीच शहरं युमेनीसला नव्याने मिळाली होती. त्यांना राजाच्या मुखवट्यापेक्षा ओळखीचा देव आणि स्वतःची आद्याक्षरं असलेलं नाणं परवडण्यासारखं होतं.

शेवटचा राजा तिसरा अ‍ॅटॅलस याने इ.स.पू. 133 मध्ये राज्य मृत्युपत्राने रोमला दिलं, तेव्हा ॲरिस्टोनिकस नावाच्या दावेदाराने बंड केलं आणि युमेनीस हे नाव घेतलं. त्याच्या सिस्टोफोरसवर ‘राजा युमेनीस’ याची आद्याक्षरं आणि राजवटीचं वर्ष आहे. पूर्वी ही नाणी दुसऱ्या युमेनीसची मानली जात. 1954 मध्ये ई. एस. जी. रॉबिन्सन यांनी ती या बंडखोराची असल्याचं दाखवून दिलं. थायाटेरा, अपोलोनिस, स्ट्राटोनिकेआ या आतल्या भागातल्या गावांत ती पाडलेली आहेत. समुद्रावर एफेससच्या आरमाराकडून मार खाऊन तो किनारा सोडून आत सरकला, ही स्ट्रेबोची हकीकत या गावांच्या नावांशी तंतोतंत जुळते.

राजे गेले, पेटारी राहिली. रोमन अधिकाऱ्यांनी तेच नाणं चालू ठेवलं. सिलिशियाचा सुभा सांभाळून परतलेल्या सिसेरोने आपल्या मित्राला कळवलं, की आशियात त्याचे 22 लाख सेस्टर्स सिस्टोफोरसच्या रूपात ठेवलेले आहेत.

8. परवानगीचं एक पत्र

मग राजाची लेखी परवानगी लागे का? सगळ्या हेलेनिस्टिक काळातून नाणी पाडण्याची मुभा देणारं राजाचं एकच पत्र ग्रंथात उतरलेलं आहे. ते ‘मॅकबीज’ या ज्यू इतिहासग्रंथांपैकी पहिल्यात आहे. इ.स.पू. 138 च्या सुमारास सातवा अँटिओकस गादीसाठी लढत होता आणि त्याला ज्यूंचा पुढारी सायमन याची मदत हवी होती. त्याने सायमनला करमाफी दिली, किल्ले आणि हत्यारं ठेवू दिली, आणि स्वतःच्या मुलखासाठी स्वतःच्या छापाची नाणी पाडायची मुभा दिली. शत्रू डोर बंदरात कोंडला गेला, गरज सरली, आणि राजाने दिलेला शब्द मागे घेतला. सायमनच्या नावाचं एकही नाणं नाही.

पण याच राजाच्या नावाने इ.स.पू. 132 ते 130 या काळात जेरुसलेममध्ये एक छोटं ब्राँझचं नाणं निघालं. एका बाजूला लिलीचं फूल, दुसऱ्या बाजूला सेल्युकसच्या घराण्याची खूण असलेला जहाजाचा नांगर आणि ग्रीकमध्ये राजाचं नाव. चेहरा नाही, देव नाही. मूर्ती न मानणाऱ्या शहरात ते हातोहात चालावं, याची काळजी राजाने घेतली होती. इ.स.पू. 129 मध्ये पार्थियनांशी लढताना तो मारला गेला. त्यानंतर सायमनचा मुलगा जॉन हिर्केनस याने स्वतःची नाणी पाडली: जुन्या हिब्रू लिपीत मुख्य धर्मगुरू योहानान आणि ज्यूंची सभा यांचं नाव, आणि मागच्या बाजूला ग्रीक राजांच्या नाण्यांवरून घेतलेली, फळांनी भरलेली समृद्धीची दोन शिंगं, त्यांच्या मध्ये एक डाळिंब.